दरडीवरची पिल्लं, रेतीवरचे पाहुणे

पैनगंगा झरी जामणी तालुक्याच्या दक्षिण अंगाला पोचते तेव्हा तिचा बराचसा प्रवास झालेला असतो. उगम अजिंठ्याच्या डोंगररांगेत, बुलढाण्याच्या बाजूला. तिथून वाशीम, हिंगोली, नांदेड, यवतमाळ अशा जिल्ह्यांच्या सीमा आखत, सहस्रकुंडाला कड्यावरून कोसळत ती इथवर येते आणि महाराष्ट्र-तेलंगणाची हद्द होऊन वाहू लागते. पुढं वर्धा नदीला मिळाली की तिचं नाव संपतं. अलीकडच्या काठावरच्या बाजारात मराठी, कोलामी, गोंडी आणि तेलुगू एकाच वेळी कानावर पडतात. पलीकडं आदिलाबादचा मुलूख.

दसरा होऊन पाणी उतरलं की पुरानं कापलेल्या दरडी उघड्या पडतात. वर काळी कापसाची जमीन, तिच्याखाली चुनखडीचे खडे मिसळलेली पिवळी माती, आणि पायथ्याशी पुरानं आणून टाकलेली रेती. या भागातल्या चुनखडीमुळं मुकुटबनला सिमेंटचा कारखाना आला. पण नदीच्या दरडीवर पहिला हक्क पक्ष्यांचा. वेडे राघू आणि कवडे खंडे तिच्यात बिळं खोदतात, आणि जिथं एक नाला नदीला मिळतो त्या कोपऱ्यातल्या कपारीत शृंगी घुबडाची जोडी राहते. समोरच्या रेतीच्या बेटांवर हिवाळ्यात लडाख, तिबेट, सायबेरियाकडून आलेले पक्षी उतरतात. राहणारे दरडीवर, आलेले रेतीवर. नाल्याच्या पलीकडच्या काठावर करंजाखाली बसलं आणि मान थोडी वळवली की दोन्ही दिसतात. माझे गेले काही हिवाळे त्या करंजाखाली गेले.

त्या नाल्याचं नाव मी लिहिणार नाही. घुबडाच्या घरट्याचा पत्ता छापू नये, हा पक्षी पाहणाऱ्यांमधला संकेत आहे आणि तो पाळायलाच हवा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं घुबड धरणं, मारणं, विकणं हा गुन्हा आहे; तरी मंत्रतंत्रासाठी घुबडं पकडणारे अजून आहेत, आणि दिवाळीच्या सुमारास त्यांचा शोध वाढतो. ट्रॅफिक इंडिया या संस्थेनं २०१० मध्ये घुबडांच्या या चोरट्या व्यापारावर अहवाल काढला होता. तो वाचल्यापासून मी अमावास्येच्या आधीच्या आठवड्यात नाल्याकडं जास्त जातो.

ही जागा मला दाखवली ती जवळच्या कोलाम पोडावरच्या, म्हणजे वस्तीवरच्या, एका म्हाताऱ्या गुराख्यानं. मी दुर्बीण घेऊन दरडीकडं निघालो तसा तो मागून ओरडला, "मास्तर, जवळ नोका जाऊ. पाहा लागते तं इथूनच पाहा."

"काहून, बाबाजी?"

"थ्याले कोनी गोटा मारला ना, तं थे गोटा पायात धरते, नदीत नेऊन घासते. जसजसा गोटा झिजते, तसतसा मारणारा मानूस झिजते."

ही समजूत मी माझ्या आजीकडूनही ऐकलेली होती आणि महाराष्ट्रात इतरत्रही ती आहे. मी शाळेत विज्ञान शिकवतो, तरी ती खोडून काढायचा उत्साह मला त्या दिवशी वाटला नाही. त्या पोडावरच्या पोरांच्या हातात गलोल असते. त्या गलोलीनं होले, तितर, सरडे टिपले जातात, पण घुबडाकडं ती वळत नाही. या भीतीला दुसरी बाजूही आहे. घराजवळच्या चिंचेवर पिंगळा रोज ओरडू लागला तर कुणाचं तरी मरण येणार म्हणून चिंच तोडायला निघालेली माणसं मी पाहिली आहेत, आणि तिथं मात्र मी गप्प बसलेलो नाही. भीतीनं नदीकाठचं घुबड वाचवलं, गावातल्याला बेघर केलं. पोरांना मी घुबड दाखवतो ते एवढ्यासाठीच, की त्यांनी भीतीच्या जागी ओळख ठेवावी.

शृंगी घुबड घरटं बांधत नाही. कपारीच्या बुडाशी मातीत उथळ खळगा, त्यात काडी नाही की पीस नाही. मागच्या एका हिवाळ्यात डिसेंबर सरता सरता मादी तिथं बसून राहू लागली. तपकिरी, पिवळट, काळ्या रेघांचं तिचं अंग आणि कपारीची माती यांत फरक करायला मला पहिल्या दिवशी बराच वेळ लागला. तिनं डोळे उघडले तेव्हा ती दिसली: नारिंगी, मोठे, थेट माझ्यावर रोखलेले. शिंगं म्हणतो ती खरं तर डोक्यावरची लांब पिसं. ती शिंगंही नव्हेत आणि कानही नव्हेत. कान चेहऱ्याच्या कडेला पिसांखाली लपलेले असतात.

अंडी उबवायला महिन्याहून थोडे अधिक दिवस लागतात, आणि हे काम मादी एकटी करते. नर शिकार आणतो. दिवसभर तो नाल्याच्या वरच्या अंगाला दाट पानांच्या आंब्यात बसलेला असे. सूर्य पलीकडच्या तुरीत बुडाला की तो दरडीच्या कडेवर येई आणि हाक देई: दोन स्वरांची, खोल, पहिला स्वर तुटक आणि दुसरा लांबलेला. मादी उत्तर देई. मग तो जाई. एवढा मोठा पक्षी डोक्यावरून जातो आणि हवेचा आवाजसुद्धा येत नाही. त्याच्या पंखांच्या पुढच्या पिसाच्या कडेला बारीक दातेरी झालर असते, ती हवेचा प्रवाह चिरून टाकते, आणि पिसांवरची मऊ लव उरलेला आवाज गिळते. हे पुस्तकात वाचलेलं होतं. डोक्यावरून गेल्यावर ते कळलं.

फेब्रुवारीच्या आरंभी मादीच्या पोटाखालून एक पांढरं डोकं बाहेर आलं. वेचणीत झाडावर राहून गेलेल्या कापसाच्या पुंजक्यासारखं. डोळे मिटलेले, मान सावरत नव्हती. दोन-तीन दिवसांनी दुसरं, मग तिसरं. पहिलं अंडं घातल्यापासूनच मादी उबवायला बसते, म्हणून पिल्लं अंड्यांच्या क्रमानं, दिवसांच्या अंतरानं बाहेर येतात. एका खळग्यात तीन वयांची तीन भावंडं. यात निसर्गाचा कठोर हिशेब आहे. भरपूर अन्न मिळालं तर तिन्ही जगतात. कमी पडलं तर मोठं पिल्लू आधी खातं, धाकट्याला उरलंसुरलं मिळतं, आणि काही दिवसांत ते खळग्यात दिसेनासं होतं. सगळी एका दिवशी जन्मली असती तर उपाशी वर्षात सगळीच खंगली असती.

त्या वर्षी तुरीत आणि पऱ्हाटीत उंदीर आणि घुशी फार होत्या. बांधांना बिळं पडली होती, ओलिताच्या पाटांना भगदाडं पडत होती, आणि शेजारच्या वावरवाल्यांच्या तोंडी रोज तेच गाऱ्हाणं होतं. दरडीवरचं धाकटं पिल्लू त्या वर्षी जगलं.

पिल्लांच्या पोटात काय जातं हे पाहायला रात्री जवळ जायची गरज नाही. घुबड भक्ष्य गिळतं आणि न पचणारं, म्हणजे हाडं, केस, दात, किड्यांची कवचं, यांचा गोळा करून तोंडावाटे टाकून देतं. पिल्लं उडून गेल्यावर मी दरडीखालून ते गोळे वेचून शाळेत नेले. मुलांनी ते कोमट पाण्यात भिजवले, चिमट्यानं सोडवले आणि जुन्या वर्तमानपत्रावर मांडले. घुशीची रुंद कवटी, उंदराचे वाकडे पिवळे दात, एका खेकड्याच्या नांगीचा तुकडा, टोळाची तंगडी, कुठल्या तरी पक्ष्याची चोच. एक मुलगी जबडा हातात घेऊन बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "सर, हे आमच्या वावरातली घूस असनं." तिच्या वडिलांची पऱ्हाटी दरडीच्या अगदी माथ्याला होती, त्यामुळं ती घूस तिथलीच असण्याची शक्यता मोठी होती. घुबड शेतकऱ्याचा मित्र हे वाक्य पाठ्यपुस्तकात असतं आणि मुलं ते पाठ करतात. त्या दुपारी ते कुणाला पाठ करावं लागलं नाही.

पिल्लांचे डोळे उघडले तसा त्यांचा खेळ सुरू झाला. डोकं डावीकडं, उजवीकडं, वर, खाली, गोल. पाहणाऱ्याला हा नाच वाटतो. घुबडाचे डोळे नळीच्या आकाराचे आणि खोबणीत घट्ट बसलेले असतात. ते आपल्याला फिरवता येतात तसे त्याला फिरवता येत नाहीत. म्हणून एखादी वस्तू किती दूर आहे हे ठरवायला ते सगळं डोकंच हलवून तिला दोन-चार जागांवरून पाहतं. माणसाच्या मानेत ७ मणके, घुबडाच्या मानेत १४. त्या जोरावर ते मान २७० अंशांपर्यंत वळवतं. आधी पिल्लं एकमेकांचं अंतर मोजत. मग समोरून जाणाऱ्या वेड्या राघूचं. मग माझं. दुर्बिणीतून मी त्यांना आणि ती मला, असे आम्ही कितीतरी संध्याकाळी एकमेकांना मापत बसलो.

मार्च लागला तशी पांढरी लव मळकट पिवळी झाली, तिच्यातून रेघांची पिसं डोकावू लागली, आणि थोरलं पिल्लू खळगा सोडून चालू लागलं. उडता येण्याच्या कितीतरी आधी शृंगी घुबडाची पिल्लं पायी घराबाहेर पडतात. नख्या आणि चोच मातीत रुतवून ते दरडीवर चढे, घसरे, पुन्हा चढे. दोन दिवसांनी मधलं त्याच्या मागं. धाकटं कपारीच्या तोंडाशी बसून फुसफुसत राही. संध्याकाळी तिन्ही तीन ठिकाणांहून तोच फुसकारा देत आणि आईबाप त्या आवाजाच्या मागानं शिकार घेऊन येत.

याच दिवसांत एकदा तिन्हीसांजेला नाल्याच्या पात्रातून कोल्हा आला. वास घेत घेत तो थेट दरडीच्या पायथ्याशी थांबला. थोरल्या पिल्लानं दोन्ही पंख फुलवून पंख्यासारखे उभे केले, डोकं खाली घातलं आणि चोच कटकट वाजवली. क्षणात ते आपल्या दुप्पट झालं. तेवढ्यात मादी आंब्यातून निघाली, कोल्ह्याच्या पुढ्यात पडली आणि एक पंख लोंबवत, वेडीवाकडी फरफटत पात्रातून पुढं पुढं जाऊ लागली. कोल्हा तिच्या मागं. वळणापर्यंत तिनं त्याला नेलं आणि तिथं ती सहज हवेत उठली. टिटवी आणि चिखल्या हे सोंग करतात हे मला माहीत होतं. चार-साडेचार फूट पंखांची, रात्रीच्या या मुलखावर राज्य करणारी मादी पिल्लांसाठी लंगडी होते हे मी प्रथमच पाहिलं.

तिकडं वणीच्या बाजूला एका जुन्या जिनिंगच्या माळ्यावर गव्हाणी घुबडांची पिल्लं होती, तीही मी अधूनमधून पाहायला जाई. ती रात्रभर एकमेकांशी कुजबुजत. स्वित्झर्लंडमध्ये अलेक्झांडर रुलँ या संशोधकानं याच जातीच्या पिल्लांवर दीर्घ अभ्यास केला आहे. आईबाप शिकारीवर असताना भावंडं आवाजानं आपली भूक एकमेकांना सांगतात. जो जास्त भुकेला तो जास्त बोलतो, आणि बाकीचे पुढच्या घासासाठी बऱ्याचदा माघार घेतात. आईबाप आल्यावर मग झोंबाझोंबी कमी होते. ज्या पक्ष्याला आपण अभद्र म्हणतो त्याच्या घरात हे चालतं.

आता रेतीकडं वळतो, कारण हे सगळं चालू असताना ती रिकामी नव्हती.

पाहुणे पाऊस संपायच्या आत येऊ लागतात. ऑगस्टच्या अखेरीस चिखलाच्या कडेनं शेपूट हलवत तुतवार दिसते, सप्टेंबरात परीट येतात, आणि एखाद्या सकाळी शाळेच्या आवारात करडा परीट ठुमकत चालताना दिसला की मी फळ्याच्या कोपऱ्यात त्याचं नाव लिहितो. ऑक्टोबरात कुंपणावर थिरथिरा. मग कैकर, जो नदीवर घिरट्या घालून पाय पुढं काढून पाण्यात पडतो आणि मासा घेऊन उठतो. भोरड्यांचे थवे ज्वारीवर उतरतात. त्यांचं येणं शेतकऱ्याला माझ्याआधी कळतं. नोव्हेंबरात महाराष्ट्राच्या आकाशातून अमूर ससाणे जातात. पूर्व आशियातून निघून, नागालँड-मणिपूरमध्ये थांबून ते पुढं अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेला पोचतात, हे त्यांच्या पाठीवरच्या उपग्रह-यंत्रांनी दाखवलं आहे.

रेतीच्या बेटावर मात्र सगळ्यांत ठळक असतात ते चक्रवाक. केशरी-तांबूस अंग, फिकट डोकं, आणि दूरवर जाणारी सानुनासिक हाक. जुन्या कवींनी या जोडीला रात्री नदीच्या दोन काठांवर वेगळं ठेवलं आणि रात्रभर एकमेकांना हाका मारायला लावल्या. पैनगंगेवर त्यातला एक काठ महाराष्ट्रात आणि दुसरा तेलंगणात येतो. चक्रवाक दोन्हीकडं चरतात. मला त्यांच्याबद्दल दुसरीच गोष्ट आवडते. उन्हाळ्यात लडाख-तिबेटात परतल्यावर ते अंडी घालतात ती कड्यांच्या कपारींत आणि दरडींतल्या बिळांत. म्हणजे जो पक्षी इथं रेतीवरचा पाहुणा, तो तिथं दरडीवरचा रहिवासी. समोरच्या कपारीतल्या मादीकडं तो पाहत असेल तर त्याला ती जागा अनोळखी वाटत नसेल.

काही हिवाळ्यांत पट्टकादंब येतात. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हे हंस हिमालय ओलांडताना सात हजार मीटरहून अधिक उंचीवर नोंदले गेले आहेत. आणि त्यांच्या पायाशी चिखलात टिलवे धावत असतात, प्रत्येकाचं वजन २५ ग्रॅमच्या आसपास, उत्तर ध्रुवाजवळच्या गवताळ दलदलीत जन्मलेले. मोठ्या हंसाचं नवल सगळ्यांना वाटतं. मला टिलव्याचं जास्त वाटतं.

कुठला पक्षी कुठून येतो हे आपल्याला कसं कळलं याचाही इतिहास आहे. १९५९ च्या सुमारास डॉ. सालिम अलींच्या पुढाकारानं बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं पक्ष्यांच्या पायांत कडी घालण्याची मोठी मोहीम सुरू केली. तिला जागतिक आरोग्य संघटनेचा हातभार होता, कारण १९५७ मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात उद्भवलेल्या तापाचा विषाणू स्थलांतरी पक्ष्यांबरोबर येतो का हे तपासायचं होतं. ॲल्युमिनियमच्या कड्यावर संस्थेला कळवण्याचा निरोप कोरलेला असे. माणसाच्या आजाराचं मूळ शोधताना पक्ष्यांच्या वाटा हाती लागल्या.

महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ नोव्हेंबर डॉ. सालिम अलींचा. चितमपल्ली २०२५ च्या जूनमध्ये गेले. विदर्भाच्या जंगलांत उभी हयात काढून त्यांनी मराठीत जो पक्षिकोश उभा केला, तो आमच्या शाळेच्या कपाटात आहे आणि त्याची पानं मुलांच्या बोटांनी मळलेली आहेत.

सप्ताहात मुलं रेतीवरचे पाहुणे मोजतात. हे चांगलंच आहे. पण याद्यांमध्ये घुबडं शेवटी येतात, किंवा येतच नाहीत, हे मला सलतं. रानपिंगळ्याचं उदाहरण मी मुलांना मुद्दाम सांगतो. १८८४ नंतर या छोट्या घुबडाचा खात्रीचा नमुना कुणाला मिळाला नाही. १९१४ चा एक नमुना गुजरातेतला म्हणून संग्रहालयात होता. तो लबाडी करून दुसऱ्याच्या जुन्या नमुन्यावरून तयार केलेला निघाला, आणि त्याच्या चिठ्ठीवर भरवसा ठेवून लोक भलत्याच ठिकाणी शोधत राहिले. पामेला रासमुसेन आणि त्यांच्या साथीदारांनी जुन्या, खऱ्या नोंदी धरून शोध घेतला तेव्हा नोव्हेंबर १९९७ मध्ये तो आजच्या नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ सापडला. ११३ वर्षांनी. पुढं मेळघाटातही तो मिळाला. दिवसा उजेडी फांदीवर बसणारा पक्षी शतकभर पाहायचा राहून गेला.

पुण्याजवळ पुरंदर तालुक्यात पिंगोरी गावी डॉ. सतीश पांडे आणि इला फाउंडेशन यांनी २०१८ पासून घुबडांचाच उत्सव सुरू केला. शाळकरी पोरं तिथं घुबडांचे मुखवटे घालून येतात. असं काही आमच्या तालुक्यातही व्हावं असं मला फार वाटतं. आमच्याकडं उत्सवाला घुबडं कमी नाहीत.

मार्चच्या मध्यावर दरड आणि रेती यांच्या वेळा एकमेकींत शिरतात. हा काळ मला वर्षातला सगळ्यांत भरलेला वाटतो. पळस फुलून जातो, सावरीवर भोरड्या मध प्यायला झुंबड करतात. टिलवे आणि तुतवारी दिवसभर खात राहतात, अंगावर चरबी साठवतात, कारण पुढं हजारो किलोमीटर आहेत. आणि एका संध्याकाळी वारा मानवला की थवा उठतो, दोन घिरट्या घालतो आणि उत्तरेला जातो. दुसऱ्या सकाळी बेटावर फक्त पावलांच्या खुणा. त्याच वेळी दरडीवर धाकटं पिल्लू वाऱ्याकडं तोंड करून पंख उघडतं, जागच्या जागी उचललं जातं आणि घाबरून पुन्हा बसतं. निघालेले आणि अजून उडताही न येणारे, एकाच वाऱ्यात.

माणसांची हालचालही याच दिवसांतली. आमच्या भागातले पुष्कळ मजूर मिरची तोडायला तेलंगणात गेलेले असतात. पोडावरच्या माझ्या वर्गातले काही बाक फेब्रुवारीपासून रिकामे असतात. आईबापांबरोबर गेलेली मुलं एप्रिलमध्ये परत येतात तेव्हा पहिला प्रश्न विचारतात, "सर, पिल्लं उडली का?"

पिल्लं एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात उडाली. थोरलं आधी, नाल्यावरून आंब्यापर्यंत. धाकटं सगळ्यांत शेवटी. उडाली म्हणजे सुटली असं नाही. जन्मापासून जवळजवळ सहा महिने आईबाप त्यांना भरवतात आणि शिकवतात. पावसाळ्यात कधीतरी त्यांना आपली जागा शोधायला जावं लागतं. राहणाऱ्यांनाही आयुष्यात एकदा हा प्रवास चुकत नाही. आमच्या शेजारच्या टिपेश्वर अभयारण्यातला एक तरुण वाघ २०१९ मध्ये असाच निघाला आणि पट्टा-यंत्राच्या नोंदींनुसार तीन हजार किलोमीटरच्या वर भटकून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात स्थिरावला. पैनगंगा जिथं उगम पावते त्या जिल्ह्यात. जन्मलेल्याला रिकामी जागा मिळेलच असं नाही, म्हणून ज्या जागा आहेत त्या मोलाच्या.

आणि त्या जागा कमी होत आहेत. रेतीचे ट्रॅक्टर रात्री पात्रात उतरतात. सर्वोच्च न्यायालयानं २०१२ च्या निकालात लहान क्षेत्रातल्या रेती-उपशालाही पर्यावरण मंजुरी लागेल असं ठरवलं. महाराष्ट्रातल्या नियमांनुसार सूर्यास्तानंतर उपसा करताच येत नाही. घर बांधायला रेती लागते, माझ्या घरालाही लागली, आणि ती नियमानं, दिवसा, ठरवून दिलेल्या घाटावरून घेतली तर नदी पुढच्या पुरात ती भरून काढते. पण रात्रीचा फावडा घाट पाहत नाही. दरडीचा पायथा खणला की वरची माती पावसात कोसळते. तिच्याबरोबर वेड्या राघूंची बिळं जातात, कपार जाते, आणि माथ्यावरची दोन ओळी पऱ्हाटीही जाते. बेटावर दिवे आणि इंजिनं आली की चक्रवाक रात्रीत निघून जातात आणि त्या हिवाळ्यात परत उतरत नाहीत. नदीतल्या सुरय आणि चिखल्या तर मार्च-एप्रिलमध्ये उघड्या रेतीवरच अंडी घालतात, रेतीच्याच रंगाची. ट्रॅक्टरच्या चाकाला ती दिसणं शक्य नाही.

म्हणून माझं मागणं छोटं आणि नेमकं आहे. डिसेंबर ते मे या महिन्यांत, जिथं घुबडाची कपार किंवा पक्ष्यांची बिळं आहेत त्या दरडीपासून आणि तिच्यासमोरच्या बेटापासून उपसा दूर ठेवावा. ग्रामसभेनं असा ठराव केला, तर दरडीच्या माथ्यावर ज्यांची वावरं आहेत ते आधी हात वर करतील. मी त्यांच्याशी बोललो आहे.

वाचकांपाशी आणखी एक मागणं. उन्हाळ्यात झाडाखाली, बांधावर, नाल्यात घुबडाचं पिल्लू बसलेलं दिसलं तर ते पोरकं आहे असं समजून घरी नेऊ नका. चालायला शिकलेलं ते पिल्लू आहे आणि त्याचे आईबाप जवळच्या झाडावरून तुमच्याकडं पाहत असतात. कुत्र्यांचा धोका असेल तर त्याला अलगद उचलून जवळच्या उंच फांदीवर ठेवा. फोटो काढला तर जागेचं नाव टाकू नका. पंख मोडलेला किंवा जखम दिसत असेल, तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. एरवी मागं सरा आणि अंधार पडू द्या. त्याला भरवणारे येतात.